बावीस एकरांचं मालकी रान आणि ‘सांभाळून’ केलेली तोड

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजऱ्याच्या पश्चिम भागातल्या एका गृहस्थांनी विचारलं आहे. तिघा भावांत मिळून बावीस एकर मालकी रान, वडिलांच्या हयातीत त्याला कुऱ्हाड लागली नाही. आता धाकट्या भावाने घराचं काम काढलंय आणि एक ठेकेदार रोज दारात येऊन बसतोय. तो म्हणतो, सरसकट तोडणार नाही. चार फुटांच्या वर घेर असलेली झाडंच काढतो, बाकीच्याला धक्का लावत नाही. पुतणी कोल्हापुरात एम.एस्सी. करते. तिच्या वाचनात आलंय की बोर्निओच्या जंगलात नियम पाळून बेताची तोड केली तर झाडांच्या जाती जवळपास तेवढ्याच राहतात. मग आपणही सांभाळून तोडलं तर रान तसंच राहील का, असा प्रश्न आहे.

राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या पट्ट्यात पंचवीसेक वर्षं मी झाडं मोजत फिरतोय. पुतणीने वाचलंय ते खरं आहे. तरीही तुमचं रान तसंच राहणार नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते नीट सांगायला हवं, म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधी बोर्निओत काय झालं ते बघू. आग्नेय आशियातल्या या बेटावर, मलेशियाच्या साबा राज्यात १९९२ च्या सुमारास अमेरिकेतल्या एका वीज कंपनीने तिथल्या लाकूड कंपनीला पैसे दिले, तोड नीट करावी म्हणून. तोडीत जी झाडं उगाच मोडतात ती वाचली तर तेवढा कार्बन हवेत जायचा थांबेल, हा हिशोब. त्यातून जी पद्धत बसली तिला आपण कमी हानीची तोड म्हणू. मोठं झाड अन् झाड आधी मोजून नकाशावर घ्यायचं. जे तोडायचं त्यावरच्या वेली कित्येक महिने अगोदर छाटायच्या, कारण आपल्या गारंबीसारखी जाड वेल चार-पाच झाडांचे शेंडे एकमेकांना बांधून ठेवते आणि एक झाड पडलं की बाकीच्यांना ओढून खाली आणते. झाड कुठल्या अंगाला पाडायचं ते ठरवून खाच घ्यायची. ओंडके ओढायच्या वाटा आखून द्यायच्या, बुलडोझरने त्या सोडून रानात शिरायचं नाही. ओढ्याकाठाला आणि उभ्या चढाला हात लावायचा नाही. माती ओली असली की काम बंद.

याचा फायदा झाला का? झाला. नेहमीच्या तोडीत मागे राहायला हवी होती अशा शंभर झाडांमागे ४१ नष्ट झाली, या पद्धतीत १५. तोडीनंतर वर्षभराने जंगलाचं पूर्वीच्या तुलनेत उरलेलं जैविक वस्तुमान, म्हणजे झाडोऱ्याचं एकूण वजन, नेहमीच्या तोडीत ४४ टक्के होतं, या पद्धतीत ६७ टक्के. त्याच राज्यातलं डेरामाकोट हे सुमारे ५५ हजार हेक्टरांचं राखीव जंगल १९९५ नंतर असंच हाताळलं गेलं आणि १९९७ मध्ये त्याला एफएससीचं, म्हणजे नीट सांभाळलेल्या जंगलाला मिळणारं, प्रमाणपत्र मिळालं. पुढे २०१२ मध्ये जगभरातल्या शंभरावर अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. निवडक तोडीनंतर सस्तन प्राणी, पक्षी, कीटकांसारखे बिनकण्याचे जीव आणि वनस्पती यांच्या ८५ ते १०० टक्के जाती जंगलात टिकून राहतात, असं त्यात निघालं. पुतणीने वाचलेलं बहुधा याच वळणाचं असावं. त्याच आढाव्यात आणखी एक आकडा आहे, तो घरात सगळ्यांना वाचून दाखवा: पहिल्या तोडीनंतर लाकडाचं उत्पन्न सुमारे ४६ टक्क्यांनी घटतं आणि पुढे त्याच पातळीवर राहतं.

आता मोजणीकडे येतो, कारण सगळी गफलत तिथेच होते. जातींची संख्या कशी मोजली यावर उत्तर बदलतं. वीस मीटर बाय वीस मीटरचा चौकोन आखून त्यातल्या जाती मोजल्या तर तोडलेल्या रानात त्या कमी भरतात. झाडंच कमी झाली तर जाती कमी मिळणार, यात नवल नाही. पण दोन्ही रानांतून सारखीच झाडं, म्हणजे समजा शंभर-शंभर, उचलून त्यांत किती जाती आहेत ते बघितलं तर चित्र वेगळं दिसतं. पश्चिम कालीमंतानमध्ये, म्हणजे बोर्निओच्या इंडोनेशियाकडच्या भागात, तोडीनंतर आठ वर्षांनी अशी मोजणी झाली होती, १९९८ मध्ये ती छापून आली. क्षेत्राच्या हिशोबाने तोडलेलं जंगल मागे होतं, झाडांच्या हिशोबाने न तोडलेल्याच्या बरोबरीला होतं. त्या कामात चूक काहीच नाही. तोडलेलं जंगलही जपण्यालायक असतं, ते साफ करून त्यात तेलाचे पाम लावू नका, असं सांगायला तो आकडा फार मोलाचा ठरला. पण ‘तोडलेलंही बरंच काही राखून असतं’ यावरून ‘तोडलं तरी चालतं’ इथवर उडी मारायला तो आकडा वापरता येत नाही.

शिवाय नावं मोजताना सावलीतली अंजनी एक आणि उन्हातला चांदाडाही एकच. छत्र फाटून ऊन जमिनीवर आलं की चांदाडा, ऐसर अशी उन्हाची झाडं झपाट्याने उठतात. कधी कधी तोडीनंतर दोन-तीन वर्षांनी जातींची यादी आधीपेक्षा लांब होते, ती यांच्यामुळे. ही झाडं हलक्या लाकडाची, लवकर वाढणारी आणि लवकर जाणारी. रस्त्याच्या कडेला, पडीक बांधाला ती तशीही मिळतातच. गुळंब, पिसा, पारजांभूळ या सावलीतल्या झाडांतलं एक नाव गेलं आणि चांदाडा आला तर बेरीज तेवढीच राहते. म्हणून माझ्या वहीत मी दोन रकाने ठेवतो: सावलीत उगवणारी आणि उन्हात उगवणारी. पुतणीला सांगा, एवढं केलं तरी आकडे वाचायची नजर बदलेल.

तिसरी गोष्ट मला स्वतःला उशिरा कळली. भुदरगड तालुक्यात एका मालकी रानात तोडीच्या आधी आम्ही चौकोन आखून मोजणी केली होती. मालक सज्जन, ठेकेदारही शब्दाला पक्का. ठरलेली मोठी झाडं काढली आणि बाजूला झाला. बारा वर्षांनी पुन्हा गेलो तेव्हा लांबून रान भरलेलं दिसत होतं, यादीही जवळपास जुळली. मला बरं वाटलं. मग गुडघ्यावर बसून रोपं मोजायला घेतली. गुळंबाचं एकुलतं झाड उभं होतं, पण त्याच्याभोवती कमरेएवढं एकही रोप नव्हतं. जांभळाचं तेच. खाली होते ते अंजनीचे बुंध्यातून फुटलेले धुमारे आणि कारवीचं दाट जाळं. यादीत गुळंब होता, आजही असेल. पण त्याची पुढची पिढी त्या रानात मला सापडली नाही. तेव्हापासून मी उभ्या झाडांच्या यादीवर समाधान मानत नाही. रोपं, कोवळी झाडं आणि म्हातारी झाडं असे तिन्ही मोजल्याशिवाय मत देत नाही.

इथून रानाच्या ठेवणीचा विषय सुरू होतो, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यात आहे.

जुन्या रानात झाडांची उतरंड असते. बारीक झाडं असंख्य, मधली बरीच, मोठी थोडी, आणि कवेत न मावणारी मोजकीच. ठेकेदार नेमकी शेवटची पायरी काढून नेतो. संख्येने बघितलं तर शंभरातली पाच-सात झाडं गेली, म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण आठ फूट घेराच्या एका झाडाच्या बुंध्याचं क्षेत्र दोन फूट घेराच्या सोळा झाडांएवढं असतं. घेर चौपट झाला की क्षेत्र सोळापट. छत्र, फळं, बी यांचा मोठा भाग त्या मोजक्या झाडांकडेच असतो. पोकळ ढोली असतात त्याही जुन्याच झाडांना. धनेशाची मादी अंडी घालताना ढोलीत शिरून ढोलीचं तोंड लिंपून घेते, पिल्लं मोठी होईपर्यंत नर तिला बाहेरून चारतो. तशी ढोली कोवळ्या झाडाला होत नाही. आणि मोठ्या बियांची फळं गिळून दूर नेऊन टाकणारा तोच. आपल्याकडे सुधारणेच्या नावाखाली पोकळ झाड आधी तोडतात, तसंही लाकडाला निकामी म्हणून. मला ते बघवत नाही.

ठेकेदाराच्या ‘चार फुटांच्या वर’ या अटीत आणखी एक मेख आहे. घेराची एकच मर्यादा सगळ्या जातींना लावली की काही जाती मुळासकट उतरतात. अंजनी आपल्या घाटावर चार फूट घेर क्वचितच धरते. जांभूळ, हिरडा, गुळंब, आंबा, बेहडा सहज धरतात. म्हणजे या अटीवर तोड झाली की जांभळाची सगळी बी धरणारी झाडं जाणार आणि अंजनी जशीच्या तशी उरणार. वीस वर्षांनी तुमचं रान हिरवंगार असेल, पण अंजनीचं. आपल्या घाटमाथ्यावर ठेंगणी, एकसारखी, बुंध्यातून चार-चार फाटे फुटलेली अंजनीची रानं दिसतात. वारा आणि पातळ माती हे त्याचं एक कारण. पण पिढ्यान् पिढ्या राब (भाताच्या रोपांसाठी वाफ्यावर जाळायचा पालापाचोळा), सरपण आणि कोळसा यांसाठी झालेली तोड हे दुसरं, असं माझं निरीक्षण आहे. साबात साधारण साठ सेंटिमीटर व्यासाच्या आतलं, म्हणजे घेराने सव्वासहा फुटांच्या आतलं झाड तोडत नाहीत, आणि तेही पन्नास-साठ मीटर उंचीच्या जंगलात. तुमच्या रानात चार फूट घेर म्हणजे घरातली कर्ती माणसं.

बोर्निओची पद्धत इथे उचलून आणता येत नाही याचं सगळ्यात मोठं कारण मात्र पाऊस. पाऊस आपल्याकडे कमी नाही. गगनबावड्याला तो पाच हजार मिलिमीटरच्या वर जातो. पण तो सगळा चार महिन्यांत. बोर्निओत दर वर्षी ठरलेला कोरडा हंगाम असा नसतो. तिथे छत्राला भोक पडलं तरी खालची माती ओली राहते, सावलीची रोपं तग धरतात. इथे दसऱ्यानंतर आभाळ बंद होतं ते थेट मृगापर्यंत. छत्र शाबूत असलं तर चैत्रातही पाचोळ्याखाली हात घातला की गारवा लागतो. तेच छत्र फाटलं की फेब्रुवारीतच पाचोळा चुरचुरायला लागतो, रानमोडीचं तण घुसतं, आणि शेजारच्या कातळसड्यावरचं गवत पेटलं की आग आत येते. सदाहरित झाडांना आग सोसत नाही. त्यांच्या जागी कुंभा, ऐन, किंजळ येतात. तीही आपलीच झाडं आहेत, पण रान दुसरं झालं. आणि ते परत मागे फिरायला सावली लागते, जी आता नाही.

बियांचंही तसंच. जांभळाचं बी वाळवून ठेवता येत नाही. मे-जूनमध्ये फळ पडतं, पाऊस लागला की लगेच रुजतं, नाहीतर काही आठवड्यांत मरतं. कडधान्यासारखं ते वर्षभर वाट बघत पडून राहत नाही. आपल्याकडची तोड होते नेमकी जानेवारी ते मे, फळं झाडावर असताना. आईही गेली आणि त्या सालचं बीही गेलं.

किती तोडायचं हा प्रश्न कसं तोडायचं यापेक्षा मोठा आहे, हे बोर्निओतल्याच माणसांनी दाखवून दिलं. पूर्व कालीमंतानमधल्या बेराऊ इथे दोन्ही पद्धती शेजारी ठेवून मोजणी झाली. हेक्टरी आठपेक्षा जास्त झाडं काढली की कितीही सांभाळून काम केलं तरी फायदा जवळपास पुसला जातो. २०१४ मध्ये अनेक देशांचे आकडे एकत्र मांडले गेले, तेव्हा हेक्टरी ३८ घनमीटर लाकूड काढलं की सस्तन प्राण्यांच्या जाती निम्म्यावर येतात, असं दिसलं. आता हेक्टरी आठ म्हणजे एकरी तीन झाडं. तुमच्यासारख्या राखलेल्या रानात चार फुटांच्या वरची झाडं एकरी तीनच्या पुष्कळ वर असणार. म्हणजे ठेकेदार ज्याला बेताची तोड म्हणतोय ती बोर्निओच्या मापानेही बेताची नाही.

त्याला एक साधा प्रश्न विचारा: माल कशावर मोजणार, घनफुटावर की टनावर? घनफुटावर घेणारा माणूस सरळ, निकोप, इमारती खोड निवडतो. त्याला वेडंवाकडं नकोच असतं. टनावर घेणाऱ्याचा माल काट्यावर चढतो आणि जळणाला जातो. त्याला फांदीही चालते आणि पारजांभूळही चालतं. टनावरच्या व्यवहारात निवडक तोड कागदावरच राहते, कारण ट्रक भरला नाही तर त्याचं भाडं निघत नाही. आपल्या घाटावरच्या रानात इमारती माल थोडाच निघतो, म्हणून इथले बहुतेक व्यवहार जळणाचेच असतात. बोर्निओत हेक्टरी थोडकी झाडं काढूनही पैसा सुटतो, कारण तिथल्या एका झाडात प्लायवूडचा मोठा माल असतो. आपल्याच सह्याद्रीत, कर्नाटक आणि केरळच्या सदाहरित जंगलांत, प्लायवूडसाठी आणि रेल्वेच्या स्लीपरसाठी सरकारी निवडक तोड चालायची. ती १९८० च्या दशकात थांबवावी लागली.

आणि रस्ता. झाडं नेण्यासाठी जेसीबी आला की तो चढाला आडवी पंधरा फुटांची वाट काढतो, आणि पहिल्याच पावसात ती वाट ओढा होते. तोडीची जखम भरते, वाटेची भरायला माझं आयुष्य पुरलेलं नाही. काही ठिकाणी आजही त्यावर फक्त दगड आणि रानमोडी आहे.

मग करायचं काय? घर बांधायचं आहे, ही गरज खरी आहे आणि मी ती हलक्यात घेत नाही.

सौद्याचा आगाऊ पैसा घेण्याआधी सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना वाचा. १९७५ च्या खाजगी वन संपादन कायद्याची नोंद तिथे असली तर सगळा विषयच बदलतो. तशी नोंद नसली तरी १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्याखाली परवानगी लागते. ती ठेकेदारावर सोडू नका, तिघांपैकी एकाने स्वतः जाऊन विचारा. अभयारण्याच्या भोवतालच्या संवेदनशील पट्ट्यात गट येतो का, तेही त्याच फेरीत विचारून घ्या.

त्यानंतर मोजणी. दिवाळी झाली की पुतणीला घेऊन आठ दिवस रानात काढा. शिंप्याकडची टेप, चुन्याचा डबा आणि वही एवढं पुरतं. छातीएवढ्या उंचीवर घेर घ्यायचा, गावातलं जुनं माणूस सोबत असलं तर नावांची अडचण येत नाही. नरक्याची झाडं सापडली तर वहीत लिहा, पण गावात सांगत सुटू नका. औषधासाठी त्याची चोरटी तोड फार झाली आहे.

त्या यादीतून आधी न तोडायची झाडं बाजूला काढा. ओढ्याच्या दोन्ही अंगांना वीस-पंचवीस मीटर काहीच नाही. उभ्या चढावर काहीच नाही. ढोली असलेलं प्रत्येक झाड, उंबर-नांद्रुकासारखं प्रत्येक फळझाड, आणि ज्या जातीची मोठी झाडं पाचपेक्षा कमी आहेत ती सगळी. यानंतर उरलेल्यांत माझा सल्ला हेक्टरी दोनचा आहे. बेराऊचे आठ उंच जंगलाचे होते. आपल्या लांबलचक कोरड्या हंगामाला दोनच झेपतील असं माझं मत आहे. बावीस एकर म्हणजे जवळपास नऊ हेक्टर, म्हणजे अठरा झाडं. तीही एका जागची नाहीत, विखुरलेली. त्यांच्यावरच्या वेली एक पावसाळा आधी छाटा, बाकीच्या झाडांवरची गारंबी, उक्षी राहू द्या. झाड पाडून जागेवरच कापून घ्या आणि माणसांनी किंवा बैलांनी बाहेर काढा. जेसीबी आत येणार नाही, हे लिहून घ्या.

अठरा झाडांचा सौदा ऐकून बहुतेक ठेकेदार उठून जाईल. गेला तर त्याची ‘सांभाळून तोड’ किती खरी होती ते तुम्हाला कळेल, आणि घराच्या खर्चाला त्या रानावर फार विसंबता येणार नाही हेही. अठरा झाडांतून चौकटी, दारं, वासे घरच्याच कामाला काढले तर विकण्यापेक्षा जास्त पदरात पडेल, असं मला वाटतं. हिरडा, शिकेकाई, कोकम यांतून दर वर्षी थोडं मिळतं. तुमच्या शेजारच्या भुदरगड तालुक्यात पाटगाव मधाचं गाव म्हणून उभं राहिलं आहे. तिथे एकदा भावांना घेऊन जा. हे पैसे घर बांधायला पुरणार नाहीत, मी तसं सांगणारही नाही.

पुतणीला एक काम माझ्याकडून द्या. आत्ताच, तोड होवो न होवो, वीस बाय वीसचे पाच चौकोन आखून कोपऱ्यांना दगड पुरून ठेव म्हणावं. त्यांत मोठी झाडं तर मोजायचीच, पण एक-एक मीटरच्या तुकड्यांत रोपंही मोजायची, जातवार. पहिला चौकोन ओढ्याच्या वरच्या अंगाला घ्या. गुळंब तुमच्याकडे असेल तर तिथेच असेल.